फाटकापर्यंतचा पहारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या एखाद्या मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात रुग्ण दाखल झाला आणि त्याच्या कागदांवर 'जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा संभव' असा शेरा असला, की त्याच्या नावाचं एक वेगळं कार्ड निघायचं. ज्या परिचराच्या ताब्यात तो जाईल त्याने ते कार्ड वाचायचं आणि त्यावर सही करायची. पाळी बदलली की पुढच्याची सही, वॉर्ड बदलला की तिथल्याची सही. जेवण झालं की सुऱ्या मोजायच्या. खिडक्या चार-पाच इंचांपलीकडे उघडत नसत. रात्रपाळीचा माणूस डुलकी तर काढत नाही ना, हे कळावं म्हणून एक खास घड्याळ असे. ठरलेल्या वेळेला त्यात खूण उमटवावी लागे आणि सकाळी साहेब ते तपासून कुठल्या तासाची खूण गळाली ते पाहत. म्हणजे रुग्णावर परिचराची नजर आणि परिचरावर घड्याळाची. आत्महत्येचा धोका असलेल्या मनोरुग्णाला कसं सांभाळायचं, याचं उत्तर जवळजवळ दोनशे वर्षं जगभरच्या इस्पितळांनी याच भाषेत दिलं आहे: पहारा. माझं म्हणणं असं की ही पद्धत दयेतून जन्मली, दोष येईल या भीतीवर पोसली गेली आणि तिने धोक्याची जागाच चुकीची धरली. आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराच्या रुग्णाला सगळ्यांत जास्त धोका असतो तो इस्पितळाच्या उंबरठ्यावर. आत येताना, आणि विशेषतः बाहेर पडल्यावर. पहारा मात्र फाटकापाशी संपतो.

या पहाऱ्याचं मूळ क्रौर्यात नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. १८२९ मध्ये लिंकन शहरातल्या इस्पितळात एका रुग्णाला रात्री हात जखडणारा जाड कापडी अंगरखा घालून खाटेला बांधून ठेवलं होतं. सकाळी तो मेलेला सापडला. रात्रभर जवळ कुणी नव्हतं. त्यानंतर तिथे नियम झाला की रात्री कुणाला बांधायचंच असेल, तर खोलीत एक परिचर बसलाच पाहिजे. नियम साधा, पण त्याने सगळं गणित उलटं केलं. माणूस बसवायचाच आहे, तर मग बांधायचं कशाला? त्याच इस्पितळातल्या रॉबर्ट गार्डिनर हिल या तरुण डॉक्टराने १८३८ पर्यंत साखळ्या, पट्टे, अंगरखे सगळं बंद करून दाखवलं. पुढच्याच वर्षी जॉन कॉनली यांनी लंडनजवळच्या हॅनवेल इस्पितळात, जिथे आठशेच्या आसपास रुग्ण होते, तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि 'बंधनमुक्ती' हा युरोपभर चर्चेचा विषय झाला. पण हिल यांनी त्याची किंमतही स्पष्ट सांगितली होती. बंधनं काढायची तर रात्रंदिवस अखंड लक्ष हवं, त्यासाठी परिचर पुरेसे हवेत, आणि तेही उंच, धिप्पाड. साखळीची जागा माणसाच्या नजरेने घेतली, एवढाच त्याचा अर्थ. ती नजर साखळीपेक्षा कितीतरी सुसह्य होती, यात वाद नाही. पण ती साखळीचीच वारस होती, हेही तितकंच खरं.

१८४५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मनोरुग्णालयांवर देखरेख करणारे आयुक्त आले आणि पहाऱ्याला दुसरं अंग फुटलं. आता प्रत्येक आत्महत्येची चौकशी होऊ लागली. कोण कामावर होतं, कार्ड वाचलं होतं का, सही कुणाची, असे प्रश्न येऊ लागले. परिचराचं काम तेव्हा कमी पगाराचं, लांबलचक तासांचं, राहणं-जेवण इस्पितळातच असलेलं. १८८५ मध्ये त्यांच्यासाठी पहिलं शिकवणीचं पुस्तक निघालं, १८९१ पासून त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. तोवर अनुभव आणि धाक हीच शाळा. अशा माणसाच्या हातात ते कार्ड आलं की त्याला सगळ्यांत आधी काय कळत असेल? हा रुग्ण मेला तर माझी नोकरी गेली. एखाद्याशी दोन शब्द बोलण्यापेक्षा त्याचे हात दिसत राहणं महत्त्वाचं ठरलं. कार्डावर सहीला जागा होती, रुग्ण आज काय म्हणाला याला नव्हती. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. आयुक्तांच्या वार्षिक अहवालांत आत्महत्येचा शेरा असलेल्या दाखल रुग्णांची संख्या प्रचंड आहे आणि इस्पितळाच्या भिंतींच्या आत प्रत्यक्ष झालेल्या आत्महत्या त्या मानाने फारच थोड्या. मग पहारा यशस्वी झाला, असं का म्हणू नये? एका मर्यादेपर्यंत म्हणावंच लागेल. मात्र तो शेरा अतिशय सढळ हाताने मारला जाई. घरच्यांना आणि गावच्या अधिकाऱ्यांना माणूस लवकर दाखल व्हावा असं वाटे आणि त्यासाठी याहून जोरदार शेरा नव्हता. तेव्हा त्यांतल्या सगळ्यांचा जीव पहाऱ्यानेच वाचवला, असा हिशेब मांडता येत नाही. शिवाय हा हिशेब फक्त भिंतींच्या आतला होता. बरा झाला म्हणून घरी सोडलेल्या माणसाचं महिन्याभरात काय झालं, हे त्या वह्यांत शोधायला गेलं तर बहुतेक ठिकाणी 'बरा होऊन गेला' एवढीच ओळ भेटते. ज्याची नोंदच ठेवली नाही ते अपयश दिसणार कसं?

आणखी एक गोष्ट. त्या काळी आत्महत्येची भीती जोडली गेली होती ती मुख्यतः 'मेलॅन्कोलिया'शी, म्हणजे खोल उदासीनतेशी. जो रडतो, खात नाही, स्वतःला पापी म्हणतो, त्याच्यावर डोळा ठेवायचा. पुढे मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९० च्या दशकात तरुणपणी सुरू होऊन मनाची हळूहळू पडझड करणाऱ्या आजाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' या नावाखाली एकत्र आणलं, तेव्हा त्या आजाराची ओळख ठरली ती भावना बोथट होण्याची. ज्याच्या भावना बोथट झाल्या तो जिवाला कशाला कंटाळेल, अशी समजूत डॉक्टरांतही रुजली आणि घराघरांत तर ती आजही ऐकू येते. "त्याला कशाचंच काही वाटत नाही हो," असं नातेवाईक सांगतात. पण चेहरा हलत नाही म्हणून आत काही हलत नाही, असं नसतं.

हे उघडपणे सांगणारा माणूस म्हणजे ऑयगेन ब्लॉइलर. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाईन नदीतल्या बेटावर, एका जुन्या मठात भरलेल्या ऱ्हाईनाऊच्या इस्पितळात ते १८८६ पासून बारा वर्षं रुग्णांच्या सहवासात राहिले. १८९८ मध्ये झुरिकच्या बुर्गहोल्झली इस्पितळाचे प्रमुख झाले. क्रेपेलिन यांच्या 'डिमेन्शिया प्रीकॉक्स'साठी 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द त्यांनी १९०८ मध्ये बर्लिनच्या एका व्याख्यानात वापरला आणि १९११ मध्ये या आजारावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाच्या उपचारांच्या भागात त्यांनी दोन विधानं केली. पहिलं, स्किझोफ्रेनियाच्या सगळ्या लक्षणांत गंभीर लक्षण कोणतं, तर मरणाची ओढ. दुसरं विधान त्याहून धाडसी: सततच्या पहाऱ्याने ही ओढ कमी होत नाही, ती जागी होते आणि वाढते. मोजक्या रुग्णांना रोखण्यासाठी बाकीच्या शेकडो रुग्णांचा छळ करायचा आणि त्यांचा आजार वाढवायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. बारा वर्षं रुग्णांशेजारी राहिलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे. डोक्यात आधीच 'लोक माझ्यावर नजर ठेवून आहेत' असे आवाज असलेल्या माणसावर आपण खरोखरच चोवीस तास नजर ठेवतो, तेव्हा त्याच्या भ्रमाला आपणच पुरावा पुरवत असतो. एवढी साधी गोष्ट इस्पितळं चालवणाऱ्यांच्या लक्षात यायला १९११ उजाडावं लागलं.

पण ब्लॉइलर यांना देवघरात बसवायची घाई करू नये. त्याच ओघात ते असंही लिहून गेले की असह्य झालेलं आयुष्य जगायला समाज या रुग्णांना भाग पाडतो आणि असं आयुष्य त्यांना काय, इतरांना काय, उणेच असतं. करुणेच्या पोटातून निघालेला हा 'उणे किमती'चा हिशेब किती घातक होता, ते पुढच्या तीसच वर्षांत दिसलं. १९२० मध्ये जर्मनीत कायदेपंडित बिंडिंग आणि मनोविकारतज्ज्ञ होखे यांनी जगायला नालायक आयुष्य संपवण्याची मुभा मागणारी पुस्तिका काढली. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत नाझी राजवटीने सत्तर हजारांवर रुग्णांना विषारी वायूने मारलं. त्यांत स्किझोफ्रेनियाचं निदान असलेले फार मोठ्या संख्येने होते. ब्लॉइलर १९३९ मध्येच वारले होते आणि या हत्याकांडाचा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण पहारा सैल करा असं म्हणणाऱ्याला, म्हणजे मलाही, एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: सैल का करायचा? माणसाचा जीव मोलाचा आहे आणि पहाऱ्याने तो वाचत नाही म्हणून, की त्याच्या जिवाचं मोल नाही म्हणून? वरवर दोन्ही वाक्यं एकाच कृतीकडे नेतात. पहिल्या वाक्यात पहारा काढून त्या जागी दुसरं काहीतरी ठेवणं बंधनकारक आहे. दुसऱ्यात नाही.

दुसरं काहीतरी म्हणजे काय, याचा शोध युद्धानंतर सुरू झाला. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावच्या डिंगलटन इस्पितळात जॉर्ज बेल यांनी १९४९ पर्यंत सगळ्या वॉर्डांची कुलपं काढली. लक्षात घ्या, क्लोरप्रोमाझिन हे पहिलं प्रभावी औषध पॅरिसमध्ये दिलं गेलं ते १९५२ मध्ये. म्हणजे दारं उघडायला गोळीची वाट पाहिली गेली नव्हती. पण औषध आलं आणि दारं उघडण्याचं रूपांतर हळूहळू इस्पितळं रिकामी करण्यात झालं. अमेरिकेत सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. पुढच्या काही दशकांत त्यांतली बहुतेक बाहेर आली. पहारा गेला हे बरं झालं. मात्र ज्या सोबतीच्या भरवशावर तो काढायचा होता, ती सोबत बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिली. भिंत पाडायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. माणूस नेमायला लागतात.

आता आकड्यांकडे. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं असे की स्किझोफ्रेनियाच्या दहा टक्के रुग्णांचा शेवट आत्महत्येने होतो. हा आकडा १९७७ च्या एका आढाव्यातून आला आणि वर्षानुवर्षं कुणी फारसा न तपासता पुढे चालत राहिला. त्यात एक खोट होती. आजार सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हे रुग्ण तरुण असतात. त्या वयात इतर आजारांनी मरणारे थोडे. साहजिकच झालेल्या मृत्यूंमध्ये आत्महत्यांचं प्रमाण फार मोठं दिसतं आणि तेच प्रमाण आयुष्यभरासाठी ताणलं की आकडा फुगतो. २००५ मध्ये ही चूक सुधारून नवा हिशेब मांडला गेला तेव्हा आकडा निम्म्यावर, पाच टक्क्यांच्या आसपास आला. पाच टक्के हेदेखील भयंकरच आहेत. पण मला त्या चुकीतून निघणारी दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. चूक झालीच मुळी यामुळे की हे मृत्यू आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत दाटलेले आहेत; पहिल्या भरतीच्या, पहिल्या डिस्चार्जच्या आसपास.

डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्यनोंद जोडून पाहता येते. १९८१ ते १९९७ या काळातल्या एकवीस हजारांहून अधिक आत्महत्यांचा तिथल्या संशोधकांनी इस्पितळाच्या नोंदींशी मेळ घातला. आलेख काढला तर त्याला दोन टोकदार शिखरं दिसली: मनोरुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा पहिला आठवडा आणि सुटी मिळाल्यानंतरचा पहिला आठवडा. पुढे २०१७ मध्ये जगभरातल्या शंभर अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्यांत वर्षाला दर लाखामागे सुमारे ४८४ आत्महत्या, आणि फक्त पहिल्या तीन महिन्यांपुरतं पाहिलं तर तोच दर ११३२. हे आकडे सगळ्या मनोविकारांचे मिळून आहेत, एकट्या स्किझोफ्रेनियाचे नाहीत, हे सांगायला हवं. पण शिखराचा आकार या आजारातही तोच आहे आणि त्याचं कारणही आता बरंच कळलं आहे. २००५ मधल्या एका मोठ्या आढाव्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धोका वाढवणाऱ्या गोष्टी शोधल्या गेल्या. उदासीनता, आधी झालेला प्रयत्न, व्यसन, औषधं सुटणं, जवळचं कुणी किंवा काही गमावणं, आणि आपलं मन आता विस्कटत जाणार ही धास्ती. भास मात्र त्या यादीत वरच्या जागी नव्हते. म्हणजे आवाज ऐकू येणारा, बडबडणारा, वॉर्डातल्या सगळ्यांना ज्याची भीती वाटते तो रुग्ण नव्हे, तर गोळ्यांनी शांत झालेला, समज परत आलेला, आणि त्या समजेतून आपलं शिक्षण, नोकरी, लग्न यांचं काय झालं ते पाहणारा रुग्ण जास्त धोक्यात असतो. इस्पितळाच्या भाषेत तो 'स्टेबल' असतो. त्याच्यावरचा पहारा नेमका त्याच दिवशी उठतो.

यावर दुसरा आक्षेप असा घेता येईल की पहारा निरुपयोगी नाही, तो फक्त अपुरा आहे. वॉर्डाची रचना सुधारली की जीव वाचतात. हे खरं आहे. इंग्लंडमध्ये १९९६ पासून मँचेस्टर विद्यापीठाच्या छत्राखाली मनोविकारांवर उपचार घेणाऱ्यांच्या प्रत्येक आत्महत्येची गोपनीय राष्ट्रीय चौकशी चालते. तिच्या शिफारशींवरून वॉर्डांतल्या धोक्याच्या जागा काढल्या गेल्या आणि इस्पितळाच्या आतल्या आत्महत्या पुढच्या वर्षांत लक्षणीय घटल्या. इमारत सुरक्षित करणं आणि माणसाला सतत न्याहाळणं यांत मी फरक करतो. पहिल्याला माझा आक्षेप नाही, उलट ते आपल्याकडे अजून किती व्हायचं आहे याची चिंता आहे. शंका दुसऱ्याबद्दल आहे. जर्मनीतल्या एकवीस मनोरुग्णालयांच्या पंधरा वर्षांच्या, सुमारे साडेतीन लाख भरत्यांच्या नोंदी २०१६ मध्ये तपासल्या गेल्या. दारं कुलूपबंद ठेवणाऱ्या इस्पितळांत आत्महत्या कमी आढळल्या नाहीत, पळून जाणंही नाही. हा प्रयोग नव्हे, नोंदींची तुलना आहे. कुलूपबंद वॉर्डांत मुळात जास्त आजारी माणसं असतील, अशी शंका घेतली गेली आणि संशोधकांनी जोड्या जुळवून ती काढायचा प्रयत्न केला तरी ती पूर्ण मिटत नाही. तरीही कुलपाने जीव वाचतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता कुलूप लावणाऱ्यावर आली आहे, एवढं नक्की.

मग निदान कुणावर नजर ठेवायची ते तरी नेमकं ठरवता येईल का? कार्ड त्याच विश्वासावर उभं होतं. १९८३ मध्ये अमेरिकेत ४८०० माजी सैनिक-रुग्णांवर झालेला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. नंतरच्या वर्षांत त्यांतल्या ६७ जणांनी आत्महत्या केली. त्या काळी माहीत असलेली सगळी लक्षणं एकत्र करूनही त्या ६७ जणांना बाकीच्यांतून वेगळं काढता आलं नाही. यादीत धोक्याचे ठरलेल्यांपैकी बहुसंख्य सुरक्षित राहिले आणि सुरक्षित ठरलेल्यांतले कित्येक गेले. दुसऱ्या एका अभ्यासात इस्पितळात किंवा सुटीनंतर लगेच दगावलेल्या ७६ रुग्णांचे कागद पाहिले, तर ज्यांच्या शेवटच्या संभाषणाची नोंद होती त्यांतल्या ७८ टक्क्यांनी 'मनात तसा विचार नाही' असंच सांगितलं होतं. विचारूच नये, असा याचा अर्थ नव्हे. विचारल्याने विचार डोक्यात येतो ही भीती निराधार आहे. अर्थ इतकाच की एका प्रश्नाच्या उत्तरावर कुणाला यादीतून वगळू नये. धोका कुणाला हे सांगता येत नाही, पण धोका कधी हे बऱ्यापैकी सांगता येतं. सगळी व्यवस्था 'कुणाला'वर उभी आहे, पुरावा 'कधी'कडे बोट दाखवतो.

इंग्लंडने हे उशिरा का होईना ऐकलं. सुटी झालेल्या रुग्णाला सात दिवसांच्या आत भेटायचं, असा दंडक आला. पुढे तो बहात्तर तासांपर्यंत आणला गेला. त्या राष्ट्रीय चौकशीच्या शिफारशी पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या संस्थांची तुलना २०१२ मध्ये झाली, तेव्हा सर्वांत मोठी घट ज्या गोष्टीशी जोडलेली दिसली ती होती संकटकाळी चोवीस तास मिळणारी मदत. औषधांतही एकाचा उल्लेख टाळता येत नाही. क्लोझापिनवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अकरा देशांतल्या ९८० रुग्णांच्या चाचणीत आत्महत्येचे प्रयत्न दुसऱ्या औषधाच्या मानाने कमी झाले. प्रत्यक्ष मृत्यूंमध्ये मात्र फरक दाखवण्याइतके ते घडलेच नाहीत. आणि एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: क्लोझापिन घेणाऱ्याला सुरुवातीचे कित्येक महिने दर आठवड्याला रक्ततपासणीसाठी यावं लागतं. गोळीइतकंच ते दर आठवड्याचं येणंही काम करत असावं, असं मला वाटतं. त्या चाचणीत दोन्ही गटांना सारख्याच वेळा बोलावलं जाई, म्हणून गोळीचं श्रेय हिरावता येत नाही; पण दोन्ही गटांत मृत्यू इतके थोडे का, याचं उत्तर कदाचित तिथेच आहे.

आपल्याकडे पहाऱ्याची ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. १८५८ चा कायदा, मग १९१२ चा. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा इथली सरकारी मनोरुग्णालयं ही त्याच अमदानीची मुलं. मराठीत 'याला ठाण्याला न्या' किंवा 'येरवड्याला पाठवा' हे गमतीने म्हटलं जातं, आणि येरवडा म्हटलं की तुरुंग आठवावा की इस्पितळ, हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं. विनोद म्हणून ठीक, पण त्यात इतिहास आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या १९९९ च्या अहवालानेही देशातल्या कित्येक मनोरुग्णालयांची बांधणी तुरुंगासारखीच असल्याचं नोंदवलं. आणि कायद्याने तर रुग्ण आणि गुन्हेगार यांतलं अंतर पुसूनच टाकलं होतं. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. इंग्लंडने स्वतःच्या कायद्यातला तो गुन्हा १९६१ मध्ये रद्द केला. आपल्याकडे मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाचं प्रकरण १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलं. रस्ता अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्याला मनोविकार जडला होता, स्किझोफ्रेनियाचं निदान होतं, आणि बायकोच्या भाजीच्या गाळ्याच्या परवान्यासाठी खेटे घालताना १९८५ मध्ये महापालिकेच्या आवारात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. पोलिसाने पोलिसावरच गुन्हा नोंदवला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने कलमच घटनाबाह्य ठरवलं आणि सांगितलं की अशा माणसाला उपचारांची गरज आहे, कोठडीत त्याची अवस्था बिघडणारच. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हाच विचार उचलला आणि १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. कलम राहिलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ ने त्याची धार काढली, आणि १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलम उरलं नाही. मुंबईच्या निकालापासून अडतीस वर्षं गेली.

पण याच देशात पहाऱ्याला पर्यायही सापडला होता, आणि तो कुणाकडून उसना आणलेला नव्हता. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५७ मध्ये मनोविकार केंद्र काढलं, तिथेही रुग्णाबरोबर घरचं माणूस राहणं हा रिवाज ठरला. आपल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात खाटेखाली चटई टाकून पडलेली आई किंवा भाऊ दिसतो; मनोरुग्णालयांनी फक्त तेवढी दारं उघडली. घरच्या माणसाला गोळ्यांची नावं कळली, आजाराची चाल कळली, आणि मुख्य म्हणजे फाटकाबाहेर पडताना रुग्ण एकटा नव्हता. यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे: घर म्हणजे नेहमी मायेचंच असतं असं नाही, कितीदा घरच पहारेकरी होतं, टोमणे मारतं, आणि कित्येकांना न्यायला तर कुणी येतच नाही. म्हणून कुटुंबावर सगळं सोपवून सरकारने हात झटकावेत, असं कुणी सुचवत असेल तर त्याला माझा विरोध आहे. नातेवाइकांचे आणि रुग्णांचे स्वमदत गट, सुटीनंतर घरी येणारा समाजसेवक, गावातल्याच आरोग्य केंद्रात मिळणारी गोळी, हे सगळं त्या तंबूचंच पुढचं रूप असायला हवं.

२०१७ च्या कायद्यातल्या कलम ९८ प्रमाणे रुग्णाला सुटी देण्याआधी डॉक्टरांनी रुग्णाशी आणि ज्यांच्याकडे तो राहणार त्यांच्याशी बोलून पुढच्या उपचारांची आखणी करणं बंधनकारक आहे. किती दिवसांत पुन्हा भेटायचं, हा आकडा मात्र त्या कलमात नाही. तेव्हा आपलं कुणी मनोरुग्णालयातून घरी येत असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी पुढच्या भेटीची तारीख मागून घ्या, आणि ती सात दिवसांच्या आतली मागा. मधल्या दिवसांत मन फार घाबरं झालं, त्याचं किंवा तुमचं, तर १४४१६ हा टेली-मानस या मदतवाहिनीचा फुकट क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.